पंचवीस चौकोन

गुरुवार, १७ ऑक्टोबर

प्रिय ठकू,

सकाळी सहाला उठलो. चहा, अंघोळ. आठच्या बसने कामावर गेलो. दिवसभरात अकरा नमुने तपासले. नऊ पास, दोन नापास. नापासांपैकी एक दरवाजे बनवणाऱ्यांचा होता, त्यांचा माणूस तासभर वाद घालत बसला. साडेपाचला घरी आलो. कालची भाजी गरम केली आणि लवकरच जेवून घेतलं. आता सात वाजायला आलेत. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवून उभ्याउभ्याच लिहितोय, त्यामुळे अक्षर नेहमीपेक्षा वाईट येईल. सांभाळून घे.

गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस, "बाबा, आईचं टेबल मला द्यायचं नसेल तर तसं सरळ सांगा ना. हवा दमट आहे, लॅकर खराब निघाला, पाय डुगडुगतोय... मे महिन्यापासून ऐकतेय मी." मी काहीच बोललो नाही. तू थोडा वेळ वाट पाहिलीस आणि फोन ठेवून दिलास. त्यानंतर तुझा फोन नाही, माझाही नाही. मध्ये जावईबापूंचा तेवढा निरोप आला, की येत्या रविवारी टेंपो पाठवतो, टेबल जसं असेल तसं द्या, पॉलिश आम्ही इथे करून घेऊ. ते सरळ मनानेच म्हणाले असणार, पण मला लागलं. लाकडावरचा रंग टिकेल की सुटेल हे सांगण्यात माझी एकतीस वर्षं गेली, आणि माझ्याच घरच्या टेबलाला दुसऱ्या कुणी हात लावायचा! फोनवर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तुझी आई म्हणायची, "यांच्या हातात फोन दिला की हे हजेरी दिल्यासारखं नुसतं हो-हो करतात."

लहानपणी मैत्रिणींना तू सांगायचीस, "माझे बाबा नव्या फर्निचरवर ओरखडे काढतात आणि त्याचा पगार घेतात." खोटं काही नव्हतं त्यात. सहा दात्यांचं पातं एकदा आडवं ओढायचं, एकदा उभं. पंचवीस बारीक चौकोनांची जाळी तयार होते. तिच्यावर चिकटपट्टी अंगठ्याने घट्ट दाबायची आणि एका झटक्यात ओढून काढायची. मग भिंग घेऊन किती चौकोन जागेवर राहिले आणि किती पट्टीबरोबर निघाले ते बघायचं. एकही निघाला नाही तर शून्य लिहायचं, जवळपास सगळे निघाले तर पाच. आमच्याकडे शून्य म्हणजे पहिला नंबर. तिसरीत तुला गणितात शून्य मिळालं तेव्हा तू आईला हेच ऐकवलं होतंस आणि ती हसू दाबत मला म्हणाली होती, "घ्या, शिकवा अजून."

टेबलाचं आता सगळं सांगतो. आपण ते घेतलं तेव्हा तू चार वर्षांची होतीस. पहिल्या आठवड्यापासून आईने त्याच्यावर फर्निचर चमकवायच्या तेलाची ती पिवळी बाटली सुरू केली. रात्रीची जेवणं झाली की ती टेबल आधी ओल्या फडक्याने पुसायची, मग कोरड्या, आणि मग बाटलीतले चार थेंब टाकून गोल गोल फिरवत बसायची. मी तिला सांगितलं, त्यात सिलिकॉन असतं, ते लाकडात मुरतं, उद्या यावर नवा हात मारायचा म्हटलं तर काही म्हणजे काही चिकटणार नाही. ती म्हणाली, "मग नका चिकटवू. चमकतंय ना? तुमच्या कारखान्यात तुम्ही तपासा, माझ्या घरात मी पुसते." हा वाद आमच्यात चोवीस वर्षं चालला. तू ताटावर बसून आळीपाळीने दोघांकडे बघायचीस, मॅच बघावी तशी. बाटली संपली की मी मुद्दाम आणायला विसरायचो. ती स्वतः जाऊन दोन आणायची.

ती गेल्यावर तू टेबल मागितलंस तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मनापासून म्हटलं. वरचा भाग कपांच्या आणि तुझ्या कंपासपेटीच्या खुणांनी भरला होता, तसा तुझ्या नव्या घरात पाठवायला बरं वाटेना. मे महिन्यात एका रविवारी जुना थर खरवडला, पॉलिश पेपरने घासलं, पुसलं, लाकडाची छिद्रं बुजवायला सीलर लावला, त्यावर लॅकरचा कोट. दहा मिनिटांत सगळीकडे खड्डे पडले. तेलकट तव्यावर पाणी टाकल्यावर ते कसं बाजूला पळतं, तसा लॅकर लाकडावरून पळत होता. आठवडाभर वाळू दिलं आणि एका कोपऱ्यात जाळी काढून पट्टी ओढली. पंचवीसच्या पंचवीस चौकोन पट्टीबरोबर आले. पट्टी हातात धरून मी स्वयंपाकघराकडे वळलो आणि मोठ्याने म्हणालो, "बघ, मी सांगत नव्हतो?" पंखा चालू होता, तेवढाच आवाज. पट्टी चुरगाळून टाकून दिली.

जूनमध्ये पुन्हा केलं. पुन्हा पंचवीस. कामावर आमच्या केमिस्टबाईंना सहज बोलल्यासारखं बोललो. त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत आणि कुणाला सोडत नाहीत. म्हणाल्या, "काका, तुम्हाला मी सांगायचं हे? लाखेच्या पॉलिशचे दोन हात मारा आधी. खाली काय असेल ते खाली राहील, वर येणारच नाही. पहिलीतलं उत्तर आहे हो." मी म्हटलं, "बघतो." त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग दुसरंच काही बोलायला लागल्या. ठकू, उत्तर मला ठाऊक होतं. लाखेच्या पॉलिशचा डबा माझ्या फळीवर मे महिन्यापासून आहे. झाकणसुद्धा उघडलेलं नाही. तू म्हणालीस ना, द्यायचं नसेल तर सांगा, त्यातलं खरं तेवढं हे.

त्याचं कारण घासताना सापडलं. जरा जोर लावून घासलं की लाकूड तापतं, आणि तापलं की त्यातून त्या बाटलीचा वास येतो. लिंबासारखा, पण लिंबाचा नाही. आपलं घर संध्याकाळी आठनंतर त्या वासाचं असायचं आणि आपल्याला तो येतही नव्हता. मी घासता घासता थांबलो. पुन्हा घासलं. त्यानंतर दर रविवारी मी कोट खराब झाला म्हणून घासायचो की घासायला मिळावं म्हणून कोट खराब करायचो, हे माझं मलाच सांगता येणार नाही. लाख मारली असती तर एका दिवसात काम झालं असतं आणि तो वास खाली कायमचा बंद झाला असता. मी थिनरने पुसत राहिलो, घासत राहिलो, कोट मारत राहिलो. तुला फोनवर हवेची कारणं देत राहिलो.

पण घासण्याने आणि थिनरने बाटलीचं उरलेलं जात असतं, हे माझ्यासारख्याला कळायला हवं होतं. जुलैअखेर पट्टीबरोबर एकोणीसच चौकोन आले. माझ्याच हाताची चूक असेल म्हणून शेजारी दुसरी जाळी काढली. अठरा. ऑगस्टअखेर अकरा. तुझा तो फोन आला त्याच्या आदल्या दिवशी चार. कामावर मी रोज लोकांना धीर देतो, काळजी करू नका, पुढच्या खेपेला चिकटेल. घरी भिंगातून एकेक चौकोन मोजताना मात्र सुटलेले चौकोन जास्त भरावेत असं वाटायचं. इतक्या वर्षांत एखादा नमुना नापास व्हावा अशी इच्छा मी कधी धरली नव्हती. म्हणून फोनवर गप्प राहिलो. तुला काय सांगणार होतो, की टेबल आता बरं होत चाललंय आणि मला ते नकोय?

आणखी एक गोष्ट आहे. ती कुणालाच सांगितलेली नाही. जानेवारीत आई आतल्या खोलीत पडून होती, उठवत नव्हतं, तेव्हा ती मला म्हणाली, "अहो, टेबलाला तेवढं लावाल का?" मी बरं म्हटलं. बाहेर आलो, ओल्या फडक्याने पुसलं, कोरड्याने पुसलं आणि आत जाऊन सांगितलं, लावलं. ती भिंतीकडे तोंड करून होती. म्हणाली, "नाही लावलंत. वास नाही आला." रागावली नाही, नुसतं सांगितलं. मी म्हणालो, उद्या लावतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे आलात, मग डॉक्टर, मग इस्पितळ. चार थेंब लावायला मला दोन मिनिटं लागली असती. इतकी वर्षं ती ऐकत नव्हती म्हणून मी धुसफुसायचो, आणि शेवटी माझं खरं करायला मला तोच दिवस सापडला.

मागच्या बुधवारी शेवटचा कोट मारला. एकही खड्डा पडला नाही. आठवडाभर त्या खोलीत गेलो नाही. काल कामावरून आल्यावर जाळी काढली, पट्टी दाबली, ओढली. पंचवीसच्या पंचवीस चौकोन जागेवर. दिव्याखाली नेऊन पट्टी पाहिली, ती कोरी होती. असं काम दुसऱ्या कुणी आणलं असतं तर मी त्याची पाठ थोपटली असती. तर टेबल तयार आहे, रविवारी टेंपो पाठवा. पाय मी घट्ट केला आहे, त्याचं ते खोटं नव्हतं. तू बसायचीस त्या बाजूच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी जाळी राहिली आहे, सांगशील तर बुजवून देतो. पण टेंपोबरोबर तूही ये, हे सांगायला पत्र लिहिलं, उद्या सकाळीच कुरिअरने धाडतो. थिनर हुंगून हुंगून माझं नाक कामातून गेलंय. कालपासून मी चारदा वाकून पाहिलं, मला वास येत नाही. लॅकरखालून वास येत नसतो हे मला कळतं. तरी नेण्याआधी एकदा तू वास घेऊन बघ. तुला आला तर मला सांग. नाही आला तर काही बोलू नकोस, आपण टेबल उचलू. केव्हाच अंधार पडलाय. बाहेर दोरीवर कपडे वाळत घातलेत, ते काढतो आणि घड्या करून ठेवतो.

तुझी वाट बघणारा, तुझाच

बाबा