तोफेचं तोंड कुणीकडे

मिरज,
रविवार, दुपारी अडीच

आदरणीय सुभेदार दादासो (निवृत्त), मुक्काम मेढा, यांना धाकटा साडू आकाराम याचा, टाचा जुळवून, रामराम.

हे पत्र ज्या टेबलावर लिहितो आहे ते टेबल मी स्वतः केलं आहे. बुडाखालची खुर्चीही. प्रोजेक्टरचा स्टँड मी केला. साखरेची चौदा पोती उसवून, धुऊन, जोडून, त्यावर पांढऱ्या डिस्टेंपरचे तीन हात देऊन सव्वाअकरा फूट बाय सव्वासहा फुटांचा पडदा मी केला (शिवण आपल्या मेहुणीची, मायेची, माप माझं). स्पीकरच्या पेट्या, ट्रॉलीच्या जुन्या पाट्यांचे बारा बाक, दुधाच्या तीन फुटक्या कॅनांचं अंतराळयान, गिझरच्या कॉइलवर रबर चढवून केलेला भुताचा हात (बोटं पाचच, सिनेमावाले घाईत सहा करतात आणि कुणी मोजत नाही), आणि आता एक रणगाडा, पूर्ण मापाचा, चालणारा. शाळा नववीपर्यंत. बाकी सगळं बघून-बघून शिकलो. आपल्याला हे ठाऊक आहे, तरी लेखी असलेलं बरं.

आपला उजवा खांदा आता कसा आहे? हरणाक्कांना थंडीत खोकला होतो, त्या गरम पाणी पितात ना? मेढ्याला यंदा थंडी चांगलीच पडली असं ऐकतो. इकडे माया ठीक. सासूबाईंना (मनुबाईंना) गुडघ्याच्या उपचारासाठी कोयनानगरहून आणल्याला दोन महिने झाले. डॉक्टरांनी फिरायचं कमी करा म्हणून सांगितलंय, त्यामुळे त्या आता प्रत्येक ठिकाणी गाडीनं जातात.

दिवाळीच्या पाडव्याला आपण आमच्या शेडमधून अर्धा चहा टाकून जे उठलात, ते अजून आमच्याशी बोलला नाहीत. मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा हरणाक्कांनी उचलला आणि आपण अंघोळीला गेल्याचं सांगितलं, त्यात एकदा तर संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. म्हणून पत्र. झालं काय ते मी जसंच्या तसं लिहितो, म्हणजे दोघांच्या मनात एकच प्रत राहील. पडद्यावर युद्धपट चालू होता. रणगाड्यांची रांग रस्त्यानं चालली होती आणि सगळ्या तोफांची तोंडं मागं. मी खेळ थांबवून म्हणालो, ही घोडचूक आहे, शत्रू पुढं आणि तोफ मागं, हे काय पाठीला खाजवायला चाललेत? आपण शांतपणे म्हणालात, "चूक न्हाई आकाराम. लांबच्या वाटंला तोफ मागं फिरवून बांधत्यात." त्यावर मी चाळीस माणसांसमोर बोललो, "आवं, तुमी चोवीस वर्षं पलटणीचा डाळ-तांदूळ मोजला, तुमाला तोफंचं तोंड काय ठावं?" माणसं हसली. वाक्य हसण्यासारखं जमलं होतं हे मी आजही नाकारत नाही, पण ते बोलायला नको होतं. आपण मफलर घडी करून खिशात घातलात आणि यष्टीला गेलात.

तेव्हापासून शेडमधला रविवारचा सिनेमाचा खेळ चालू आहे, पण जुनी चव नाही. भयपट लावला की आप्पासो आहेत (आटपाडीकडचे, चाळीस वर्षं मेंढरांबरोबर उघड्या माळावर निजले, आता डाळिंब लावलंय, तरी सिनेमाला काठी घेऊनच बसतात). मागच्या महिन्यात पडक्या वाड्यात पांढरी बाई हवेतून चालत येते असा प्रसंग होता. बायकांनी डोळ्यांवर पदर घेतले होते. तेवढ्यात आप्पासो ओरडले, "थांबीव रं! मागं घे! त्या कोपऱ्यातलं मेंढरू बघ. रवंथ करतंय. भ्यालेलं मेंढरू रवंथ करतं व्हय? भूत-बित काय न्हाई तितं!" खरोखर करत होतं. पदर खाली आले, शेंगा फिरल्या, आणि पुढचा दीड तास बायका त्या पांढऱ्या बाईची साडी कुठल्या पोताची यावर बोलत होत्या. विज्ञानपटाला सासूबाई. एका सिनेमात आकाशातून दगड येऊन पृथ्वी फुटते. सासूबाईंनी सदुसष्टचा भूकंप बाराव्या वर्षी अंगावर घेतलेला, त्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी कुत्री, मग भांडी, मग माणसं. पडद्यावर साठ मजली इमारत कोसळली तेव्हा त्या म्हणाल्या, "मांडणीवरचा तांब्याबी हलंना, आन् म्हणं पिरथवी फुटली." युद्धपटाला मात्र बोलणारं कुणी नाही. आपल्या बाकावर (क्रमांक एक, पडद्यापासून सतरा फूट तीन इंच) मी कुणाला बसू देत नाही. गेल्या रविवारी गर्दी होती तरी तिथं पाण्याचा जार ठेवला.

आता मूळ हकिगत. संक्रांतीच्या आधी पुण्याहून ऋषिराज नावाचा दिग्दर्शक वर्कशॉपमध्ये आला. वय सव्वीस, केस बांधलेले, पण वागायला नम्र. जतच्या माळावर त्याचा सिनेमा व्हायचा होता. गोष्ट अशी की परग्रहावरचे लोक माळावर उतरतात आणि त्यांच्याशी लढायला जुन्या लढाईत पडलेल्या जवानांची भुतं जमिनीतून उठतात. मी विचारलं, हा नक्की युद्धपट, भयपट का विज्ञानपट? तो म्हणाला, "तिन्ही, काका. बजेट एकाचंच आहे." हे उत्तर मला आवडलं आणि मी रणगाडा करायला घेतला. एकोणीस दिवस लागले. खाली जुना ट्रॅक्टर, वर चौदा गेजचा पत्रा, पट्ट्याला खाणीवरचा टाकाऊ कन्व्हेयर बेल्ट, चारशे बारा बोल्ट (खोटे, पण अंतर सारखं), आणि तोफेला अकरा फुटी बोअरची केसिंग पाइप. तोफ मी तोंड पुढं करून पक्की वेल्ड केली. तिथं तत्त्वाचा प्रश्न होता.

मिरजेहून जतकडे तो मी स्वतः चालवत नेला. वरच्या झाकणातून सासूबाई छातीपर्यंत बाहेर (आत कोंडतं म्हणाल्या). रस्त्यानं लोक हात करत होते आणि त्या सगळ्यांचे सलाम घेत चालल्या होत्या, डाव्या हातानं. मी खालून दोनदा सांगितलं, पण उजव्या हातात त्यांच्या पाण्याची बाटली होती. कवठेमहांकाळच्या अलीकडे पुढच्या उसाच्या ट्रॉलीनं अचानक ब्रेक लावला (मागचे दोन्ही दिवे बंद, हे मी तिथल्या तिथं दाखवून दिलं) आणि आमची तोफ उसात साडेचार फूट शिरली. ट्रॉलीच्या चालकानं मालकाला फोन लावून सांगितलं की मागून रणगाड्यानं धडक दिली. मालक म्हणाला, चढलेली उतरल्यावर फोन कर. दोन तास रस्ता बंद. निम्मी माणसं तोफ ओढत होती, निम्मी ऊस खात होती, आणि सासूबाई वरून दोघांनाही हुकूम देत होत्या. अडकलेल्या यष्टीतून एक निवृत्त हवालदार उतरले, जयराज नावाचे, शूटिंगलाच निघालेले. त्यांनी रणगाड्याला एक फेरी मारली आणि एक वाक्य बोलले. ते वाक्य पत्रात घालण्यासारखं नाही.

माळावर भुतांच्या कामाला तीस माणसं घेतली होती आणि तीसच्या तीस निवृत्त फौजी. ऋषिराजला वाटलं, स्वस्तात खरा माल मिळाला. पहिल्याच दृश्यात परग्रहवाले किरण सोडतात आणि भुतं माघार घेतात असं लिहिलं होतं. ऋषिराज कर्ण्यावरून ओरडला, "पळा!" एकही भूत हललं नाही. पुन्हा ओरडला. तीस भुतं सावधान उभी, त्यातसुद्धा हुद्द्याप्रमाणे, कारण शिपायाचं भूत नाईकाच्या भुतापुढं कसं उभं राहील? जयराज हवालदार एक पाऊल पुढं आले आणि म्हणाले, "साहेब, मेलो म्हणून काय झालं? मागं सरायची आर्डर लेखी आणा." जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाटाघाटी चालल्या. शेवटी गोष्ट बदलली आणि परग्रहवाल्यांनी पळायचं ठरलं. त्यांनाही ते सोईचं पडलं, कारण त्यांच्या अंगावरचे पत्र्याचे डबे पेंडीच्या डब्यासारखे वाजत होते आणि आप्पासोंनी आणलेली साठ मेंढरं सकाळपासून त्यांच्याच मागं हिंडत होती.

मग तोफ. धुराबरोबर आवाज यावा म्हणून मी आत कॉम्प्रेसरची टाकी जोडली होती. झाकण बंद, कॅमेरा चालू, मी व्हॉल्व्ह सोडला, आणि तोफेतून चार फुटी ऊस सुटला (रस्त्यात शिरलेला तुकडा अजून आत अडकलेला होता, हे मी तपासायला हवं होतं). तो थेट परग्रहाच्या सेनापतीच्या छातीवर बसला. सेनापती पडला, मेंढरांनी त्याला घेरलं, आणि ऋषिराज खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. ते दृश्य सिनेमात राहणार आहे. म्हणजे दुसऱ्या ग्रहाचा माणूस सांगली जिल्ह्याच्या उसानं मेला, हे आता पडद्यावर कायमचं झालं.

भूकंपाचं दृश्य सासूबाईंनी बसवलं. घर हलवायला चार माणसं दोऱ्या धरून उभी होती. सासूबाईंनी त्यांना खाली बसवलं, आधी मांडणी मागवली, पितळी भांडी लावून घेतली, आणि एका माणसाला मागून फक्त मांडणीला बोट लावायला सांगितलं. भांडी बारीक किणकिणायला लागली. एवढंच. पण मेंढरांनीसुद्धा माना वर केल्या, साहेब. सासूबाईंनी माझं मनगट धरलं ते दृश्य संपलं तरी सोडलं नाही. नंतर म्हणाल्या, "आता बराबर झालं," आणि चहा मागितला.

बाकी इकडे सर्व ठीक. हरणाक्कांना नमस्कार. खांद्याला शेक देत जावं.

आपला,
आकाराम

ता. क. १. हवालदार जयराज यांचं वाक्य घालण्यासारखं नाही असं वर लिहिलं, पण मग पत्र अपुरं राहतं. ते म्हणाले, "लांबच्या वाटंला तोफ मागं फिरवून बांधायची असती, एवढंबी कळंना व्हय? कोण शाणा बसलाय आत?" आत मी बसलो होतो. ट्रॉलीचे दिवे बंद होते हेही खरंच आहे, पण तोफ मागं असती तर मी वेळेत थांबलो असतो. मोजून पाहिलं: सहा फूट शिल्लक राहत होते. पाडव्याला आपण बरोबर होता. हे मी येत्या रविवारी चाळीस माणसांसमोर बोलेन, कारण तेही चाळीस माणसांसमोरच झालं होतं.

ता. क. २. संध्याकाळी जयराज हवालदारांना मी आपलं नाव सांगितलं. ते भाकरी खात होते, ती त्यांनी खाली ठेवली. म्हणाले, "रेशनवाले दादासो? आवं, बर्फात वाट बंद झालीवती, तवा बावीस दिवस ह्या माणसानं आमाला डाळ-तांदूळ पोचीवला. एक दिस कमी पडू दिला न्हाई. मोजून द्यायचा, म्हणून पुरला." हे आपण आम्हाला तीस वर्षांत कधी सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही. मी फक्त सिनेमातल्या चुका विचारत बसलो. त्या दिवशी मी डाळ-तांदळाचं जे बोललो ते मागे घेतो.

ता. क. ३. तोफेचं वेल्डिंग मी ग्राइंडरनं कापलं. खाली ट्रॉलीचं जुनं बेअरिंग बसवलं, आता ती एका हातानं मागं फिरते. पण मागं ती ज्या आधारावर ठेवून बांधायची, त्याची उंची किती? पुस्तकात नाही, मोबाइलवर नाही, आणि जयराज पायदळातले असल्यानं त्यांनाही इंचात सांगता येईना. अंदाजानं मी करत नाही. त्यामुळे आजचा खेळ ठेवला नाही, आणि आपण येऊन बाक क्रमांक एकवर बसेपर्यंत युद्धपट लावणार नाही. सकाळच्या यष्टीनं निघून साताऱ्याला गाडी बदलली तर खेळाच्या वेळेला, अडीचच्या आत पोचता. हरणाक्कांनाही आणावं. या वेळी अंघोळ आदल्या दिवशी उरकून घ्यावी.

ता. क. ४. हे मायेला अजून सांगितलेलं नाही, आपणही हरणाक्कांना सांगू नये, बहिणी-बहिणी एका तासात बोलतात. ऋषिराजचा निर्माता येऊन गेला. पुढच्या सिनेमासाठी रणगाडा कायमचा विकत मागत होता. अट एकच, तोफ पुन्हा तोंड पुढं करून पक्की वेल्ड करून द्यायची, पोस्टरवर तशी शोभते म्हणाला. मी म्हणालो, आमचे सुभेदारसाहेब तिला लांबच्या वाटेला मागं बांधायला सांगतात, तेव्हा ती फिरणारच राहील. त्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हणालो. देत होता एक लाख ऐंशी हजार, रोख.