काळ्या शाईतलं लग्न

नंदुरबार, ता. १ मार्च १९३९

प्रिय सुंदर,

गुरुवार, तेवीस फेब्रुवारी, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. तुझ्या मीनावर अक्षता पडत होत्या आणि मी प्रकाशा गावी, तुमच्या मांडवाच्या दाराशी, माझ्या चित्राचं झालेलं वाटोळं बघत उभी होते.

ते चित्र मी तुला लग्नापुरतं दिलं होतं. दोनेकशे वर्षांपूर्वी कुणी तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरून छापलेलं राजाचं लग्न. गुडघे टेकलेली नवरी, बिशप, मेणबत्त्यांच्या रांगा, सज्जात दाटलेले केसांचे टोप घातलेले दरबारी, सगळं नुसत्या काळ्या रेघांत. आपल्या कॉन्व्हेंटातल्या मदर आग्नेसनी मायदेशी जाताना ते मला दिलं, तुला नाही, हे तू अजून विसरलेली नाहीस.

तुझी नणंद कमलबाई म्हणे म्हणाली, ‘हाई कायं लगीन मांडवमा कसाले टांगं वं?’ काळ्या शाईतलं लग्न बाईंना अशुभ वाटलं! लगेच मांडव रंगवणाऱ्याला बसवून त्या राणीचा झगा लाल केलात, कपाळी कुंकू, हातात हिरवा चुडा. बिशपची टोपी भगवी! तुझे यजमान हिंमतराव पाहुण्यांना हौसेने दाखवत होते. आणि कॉन्व्हेंटात शिकलेली तू गप्प?

बरं, चित्र गेलं. पण पाठराखीण म्हणून मीनाबरोबर सासरी गेली तीही कमलबाईच. पोर शाळेसाठी सात वर्षं माझ्या घरी राहिली. टायफॉइडात तिच्या उशाशी मी बसले, केसांतल्या उवा मी काढल्या. कमलबाईला तिची नावडती भाजीसुद्धा ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बैलांच्या दमणीत ती मीनाच्या खांद्यावर हात टाकून बसली, तेव्हा तो हात ओढून काढावासा वाटला मला. खोटं कशाला बोलू, तुझाही हेवा वाटला. तू रडलीस तर बायका तुला सावरायला धावल्या. मी रडले असते तर म्हणाल्या असत्या, मास्तरीणबाईंना ऊन लागलं वाटतं.

बिनलग्नाची बाई पाठराखीण होत नाही, ठाऊक आहे मला. कागदावरच्या राणीला तुम्ही शुभ करून घेतलंत. माझ्यासाठी कुणी एवढेही कष्ट घेतले नाहीत.

चित्र ठेवून घे. मला मीना हवी. यंदा अक्षय्य तृतीयेला तिची माहेरची पहिली आखाजी. ती आधी तुझ्याकडे येईलच, येऊ दे. पण सणाच्या दिवशी ती नंदुरबारला, माझ्या अंगणातल्या कडुनिंबाच्या झोक्यावर बसली पाहिजे. रुखमामावशीचं घरही तिचं माहेर आहे, असं तिच्या सासरी तूच कळवायचंस. तोंडी निरोप चालणार नाही, हिंमतरावांचं अक्षरही नको. होय की नाही, ते गुढीपाडव्याच्या आत स्वतःच्या हाताने लिहून पाठव.

अजून तरी तुझीच,
रुखमा