योहानची खाट

१२ जाने., रवि.
९ नंबर खोलीत पुन्हा प्रार्थना. सुट्टीचा दिवस, पाच जण, दार लावून. म्होरक्या योहान, नगरकडचा सुतार. कुणीतरी चुगली केली, कंपनीच्या साहेबांचा फोन: "कदम, कॅम्प में ये सब नहीं चलेगा. बंद कराओ, नहीं तो तुम भी गाँव जाओ." दुबईत अल क्वोजात इतकी वर्षं मजुरांचा कॅम्प सांभाळला, तो या सुतारापायी चिपळूणला जाऊन बसायला? पाचही जण पाच खोल्यांत पांगवले. योहान संडासाशेजारी, दारुड्यांच्या खोलीत. खलास.

१९ जाने., रवि.
हात दाखवून अवलक्षण. आता पाच खोल्यांत प्रार्थना. दारुडेसुद्धा मांडी घालून! योहानला झापला. म्हणतो, "दादा, पहिल्या मंडळीलाही यरुशलेमातून असंच हाकललं होतं. पांगले, म्हणून तर गावोगाव पोचले." मला इतिहास शिकवतो. मेसच्या रांगेपुढं उभा केला. "सांग सगळ्यांना, शिक्षा कशाबद्दल?" त्यानं सांगितलं, अगदी सावकाश. ज्यांना पत्ता नव्हता त्यांनाही कळलं. जेवण टाकून ऐकत होते लेकाचे.
जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

२८ जाने., मंगळ.
कांजिण्या. आधी दोघे बिहारी, आज संतोष. माझा धाकटा भाऊ. आईला शब्द देऊन मीच आणलेला. तिघांना मागच्या पत्र्याच्या खोलीत टाकलं, बाहेरून कुलूप. जेवण न्यायला कोणी धजत नाही. मला लहानपणी आल्या नव्हत्या, मी दारातच. "दादा, पाणी." बाटली आत घरंगळत सोडली आणि निघालो.
संध्या. सुचलं. योहानला विचारलं, "तुला आल्यात कधी?" "नाही." "मग जा आत. देव आहे ना तुझा."
गादी उचलून गेला. रडेल, पाया पडेल असं वाटलं होतं. मजाच गेली.

६ फेब्रु., गुरु.
संतोषचा ताप उतरला. खिडकीतून बघितलं. योहाननं रस्त्याकडेच्या कडुलिंबाचा पाला मागवून उकळलाय, त्या पाण्यानं त्याचं अंग पुसत होता. आई पुसायची तसं. लाज वाटली. मग लाज वाटली याचाच राग आला. योहानचा चहा बंद केला.

१६ फेब्रु., रवि.
तिघे बरे होऊन बाहेर पडले ते थेट प्रार्थनेला. संतोषसुद्धा. "आईला काय सांगू?" "सांग, पोरगा जिवंत आहे."
योहान आतच. त्याला आल्यात आता, धाप लागलीय. दवाखान्याची गाडी मागवायची तर साहेबांना सांगावं लागणार, तो आत कसा गेला ते. उद्या बघू.

२० फेब्रु., गुरु.
योहान गेला. फुप्फुसात उतरलं म्हणे. गाडी कालच मागवली. डॉक्टर विचारत होते, आधी का नाही आणलं.
त्याच्या बायकोला फोन मीच केला. रडली नाही. "शेवटी जवळ कोण होतं त्यांच्या?" म्हटलं, "सगळे होते." गाडी येईपर्यंत कुलूप होतं.

२३ फेब्रु., रवि.
मेल्याशिवाय जात नाही म्हणे. हा मेला, आणि आज कॅम्पच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. दार लावायचीही गरज वाटली नाही कुणाला. नुसते बसलेले. मी आलो तर सरकून मला वाट दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
साहेबांचा फोन. "जितने बैठे हैं, सबका नाम दो. कल वीज़ा कैंसल. यल्ला, जल्दी."
पत्र्याच्या खोलीत सकाळपासून एक नवा पोरगा. नेपाळी. अंगभर फोड, पाणी मागतोय. मी सवयीनं कुलूप घातलेलं.
आत्ता संतोष आला. खांद्यावर गादी.
"दादा, योहानची खाट मला दे."
"अरे, साहेब नावं मागतायत."
"माझं आधी सांग. मग किल्ली दे."
फोन पुन्हा वाजतोय. संतोष हात पुढं करून उभा आहे. किल्ली माझ्या मुठीत.