शाबासकीचा धक्का

इंडियानापोलिस,
३ मे १९७१

ती. व्हर्नीताईस, थर्मनचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचलो. तू दिलेलं हॅम ओहायो नदी ओलांडण्यापूर्वीच संपलं, याची नोंद डायरीत केली आहे, म्हणजे पुढे मी ते कोणाला वाटून दिलं असा दावा करणार नाही.

गाडी पाहिली. ताई, हिला गाडी म्हणायचं की पाय फुटलेली सिगार म्हणायची, ते अजून ठरलेलं नाही. छप्पर नाही, दारं नाहीत, चारी चाकं उघडी. आपल्याकडच्या बंद दारांच्या शर्यतीच्या गाड्यांत वीस वर्षं खिडकीतून आत शिरायची सवय असल्यामुळे मी पहिल्याच दिवशी पाय उचलला आणि नसलेल्या खिडकीत घातला. मुख्य मेकॅनिक गस क्रौस याने मला काखेत धरून सावरलं आणि दक्षिणेतले सगळेच असे बसतात का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही, मी त्यातल्या त्यात शिकलेला, शाळामास्तर आहे.

आत बसलं की पुढची चाकं दिसतात. आयुष्यभर ती बॉनेटखाली होती आणि मी त्यांच्यावर देवासारखा विश्वास ठेवून होतो. आता डोळ्यांसमोर ती थरथरताना बघायची म्हणजे आपलंच काळीज बशीत ठेवल्यासारखं वाटतं. आणि तरीही, ताई, पहिल्या वळणातून ही बया जेव्हा वळली, तेव्हा मी हेल्मेटमध्ये एकटाच मोठ्यानं हसलो. गणिताचं एखादं उत्तर कागदाआधी मनात यावं, तशी ती वळते.

आता पत्रास कारण. नवख्यांची परीक्षा १४ तारखेच्या आत द्यायची आहे. आपल्याकडे मी अकरा शर्यती जिंकलोय, पण इथे नवखाच. चार जुने ड्रायव्हर वळणांवर उभे राहून बघतात आणि चौघांनी सही केली तरच पुढे. एकाने जरी नाही म्हटलं, तरी मालक हाल्वरसन गाडी दुसऱ्याला देणार, हे त्यांनी हसत हसत पण स्पष्ट सांगितलंय. आपल्याकडची माझी जागा तर गेलीच आहे. बेचाळिसाव्या वर्षी हे करायला नको होतं का, हे रोज स्वतःला विचारतो. उत्तर रोज वेगळं येतं.

क्लीट भाऊजींना नमस्कार. तुझा लोभ आहेच. तो या पाय फुटलेल्या सिगारीवरही थोडा असू दे.

तुझा,
थर्मन

ब्रशी फोर्क, नॉर्थ कॅरोलायना
६ मे १९७१

चि. थर्मन यास व्हर्नेलचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. यांनी ते गॅरेजमध्ये मोठ्यानं वाचलं. नसलेल्या खिडकीचा भाग तीनदा वाचावा लागला, कारण पोरं ऐकायलाच तयार नव्हती की असं काही होऊ शकतं. यांचं म्हणणं, मास्तरला आता उघडं नागडं बसून गाडी चालवायची म्हणजे निदान दाढी तरी रोज करावी लागेल.

तुझ्या जागी घेतलेल्या पोराने रविवारी दुसऱ्याच फेरीत भिंत धरली. मी आनंद मानला नाही. थोडाच मानला.

बाळा, तू लहानपणापासून उत्तर बरोबर आलं तरी तीनदा पडताळून बघायचास आणि तेवढ्यात घंटा व्हायची. तिथे पडताळत बसू नकोस. चौघांसमोर नीट चालव, हसतमुख राहा, सही घे. आणि कोणाला चिकटून चालवू नकोस. इथे दोन गाड्या घासल्या की रंग जातो. तिथे चाकाला चाक लागलं तर माणूस झाडावर सापडतो, असं हे म्हणतात.

दुसरं हॅम पार्सलने पाठवलं आहे. हे कुणा भल्या माणसाला द्यावं. आशीर्वाद आहेतच, आणि अजून लागले तर कळवावं.

तुझी,
व्हर्नीताई

इंडियानापोलिस,
८ मे १९७१

ती. व्हर्नीताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र सकाळी मिळालं आणि तू करू नकोस म्हणालीस, दुपारी मी नेमकं तेच केलं.

इथे ओटो ब्रँडमायर नावाचा एक ज्येष्ठ ड्रायव्हर आहे. पन्नाशीचा, भुवया कपड्यांच्या ब्रशसारख्या, दिवसाला साधारण नऊ शब्द बोलतो. माझ्या परीक्षकांपैकी एक. आज तो आपण होऊन म्हणाला की माझ्या मागे ये. पाच फेऱ्या त्याने मला मागे घेऊन फिरवलं. कुठे सोडायचं, कुठे थांबायचं, सगळं न बोलता दाखवलं. दहा वर्षांची विद्या दहा मिनिटांत. मला इतका आनंद झाला, ताई, की तो मावायला त्या गाडीत जागाच नव्हती.

परतताना आम्ही पिटकडे, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथे, अगदी हळू येत होतो, सायकलवाल्याने मागे टाकावं इतक्या हळू. मी त्याच्या मागे. आणि माझ्या उजव्या पायाने, मला न विचारता, ओटोला मागून शाबासकीचा धक्का दिला.

आपल्याकडे जिंकणाऱ्याला देतो तसाच. प्रेमाने, बंपरला बंपर. फक्त इथे बंपर नाही. माझ्या गाडीचं नाक चपटं झालं, त्याच्या धुराड्याच्या नळ्या वाकल्या आणि गिअरपेटीला तडा गेला. तेल टपटप पडायला लागलं.

हाल्वरसन धावत आले आणि मी तोंड उघडण्याआधीच सगळ्यांना म्हणाले की ब्रेक गेले. माझ्याकडे बघितलं. आणि मी होकाराची मान हलवली.

मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं का? दोन तास डायरीत हे लिहून खोडतोय. शब्द तर उच्चारला नाही. पण त्या मानेमुळे आता गस आणि त्याची दोन माणसं संपूर्ण गाडी उकलून नसलेला दोष शोधताहेत. दर अर्ध्या तासाने गस येऊन पेडल कसं वाटलं, म्हणून विचारतो आणि मी गंभीरपणे काहीतरी सांगतो. गाडी अशी सुटी पडली असताना परीक्षा कशी देणार? खरं सांगितलं तर दोन तासांत ती जोडून होईल. पण मुद्दाम धडकलो असं कळल्यावर ओटो सही कशाला करेल?

हॅम पोहोचलं. मला ते बघवत नाही.

तुझा लोभ मिळण्याइतका मी चांगला राहिलो नसेन, तरी तो कमी करू नकोस.

थर्मन

ब्रशी फोर्क,
११ मे १९७१

चि. थर्मनला आशीर्वाद.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं, तर हे गॅरेजच्या फरशीवरच बसले आणि एप्रनने डोळे पुसू लागले. मला वाटलं दुःख झालं. दुःख नव्हतं.

नीट ऐक. तोंड बंद ठेव. आधी चौघांच्या सह्या घे, मग काय कबूल करायचं ते कर. हॅम त्या ब्रँडमायरना दे, पण का देतोयस ते सांगू नकोस. गसला सांग की पेडल आता बरं वाटतंय. खोटं बोल असं मी म्हणत नाही, फक्त चार दिवस खरं बोलू नकोस. मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते, तेव्हा हे पत्र जपून ठेवू नये ही विनंती.

माया आहे, काळजी जास्त आहे.

व्हर्नीताई

इंडियानापोलिस,
१२ मे १९७१

ती. व्हर्नीताईस, सा. न. वि. वि.

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, आणि तू खरं बोल असंच लिहिलं असणार, म्हणून मी वाट न पाहता ते करून टाकलं.

सोमवारी सकाळी गस लाल डोळ्यांनी आला आणि म्हणाला की त्याला दोष काही सापडत नाही, बहुधा त्याचं वय झालं. तिथे माझा बांध फुटला. मी म्हटलं ब्रेक उत्तम आहेत, बिघाड ड्रायव्हरमध्ये आहे. त्याने हातातला पाना खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग मला अशा काही शिव्या दिल्या की त्यातल्या तीन मी शिक्षक असूनही मला माहीत नव्हत्या. आणि लगेच गाडी जोडायला लागला, शीळ घालत.

मग हॅम काखेत घेऊन ओटोकडे गेलो. तो नवी गिअरपेटी बसवत होता. मी सगळं सांगितलं. आनंद झाला म्हणून धडकलो, आमच्याकडे रीत आहे, मालकांचा दोष नाही, मान माझी होती. मग त्याने विचारलं, "आणि हरणाऱ्याला काय करता?"

मी म्हटलं, "त्यालाही देतो. जरा जोरात."

भुवया हलल्या. त्याने हॅम हुंगलं, टूलबॉक्सवर ठेवलं आणि मला जायची खूण केली. सही करणार की नाही, ते कळलं नाही. हाल्वरसनना सांगितलं, तर ते खुर्चीत बसूनच राहिले. म्हणाले, शुक्रवारपर्यंत गाडी माझी, पुढचं सह्या ठरवतील.

काल परीक्षा झाली. ठरवून दिलेल्या वेगांच्या फेऱ्या होत्या, शेवटच्या दहा ताशी एकशे साठ मैलांच्या. तिसऱ्या वळणावर ओटो कुंपणाला टेकून उभा होता आणि दर फेरीला मला वाटायचं, हा आता पाठ फिरवेल. संध्याकाळी कागद हातात आला. तिघांच्या सह्या सरळ. ओटोचीही सही होती, ताई. मी पायरीवर बसून ती तीनदा पडताळून पाहिली. शेऱ्याच्या जागी इतरांनी काही लिहिलेलं नाही. ओटोने लिहिलंय: "उत्तम चालवतो. आनंदात असताना याच्यापासून दूर राहावे."

लोभ दुप्पट कर, आणि भाऊजींना फरशीवरून उठव.

थर्मन

ब्रशी फोर्क,
१४ मे १९७१

चि. थर्मनला उदंड आशीर्वाद.

माझं ११ तारखेचं पत्र जाळून टाकावं. जाळलं असं कळवावं.

शेरा यांनी गॅरेजच्या दारावर रंगवला आहे.

व्हर्नीताई

इंडियानापोलिस,
१६ मे १९७१

ती. व्हर्नीताईस, सा. न. वि. वि.

पत्र जाळलं. आधी डायरीत उतरवून घेतलं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रेडिओवर ऐकलंच असशील. काल मुख्य शर्यतीच्या तेहतीस जागांसाठी निवड झाली, चार फेऱ्या, आणि मी यादीत अठरावा. हाल्वरसन म्हणतात, आता आपल्याला कोणी बाहेर काढत नाही. शेवटच्या फेरीत मी चाकांकडे बघायचं विसरलो, इतका खूश होतो.

तसाच हसत पिटमध्ये आलो. बघतो तर कोणी नाही. शेरा सगळीकडे पोहोचला होता. गस, त्याची माणसं, शेजारचे, त्यांच्या शेजारचे, सगळे भिंतीपलीकडे जाऊन उभे, आणि गस दोन्ही हातांनी मला लांबच थांब म्हणून खुणावतोय. हाल्वरसन गसच्या पाठीमागे. मी गाडी बंद करून रस्त्याच्या मधोमध एकटाच बसलो.

मग भिंत ओलांडून ओटो आला. चालत. हेल्मेट खाली ठेवलं, माझ्या मागच्या चाकाजवळ उभा राहिला, अंतराचा अंदाज घेतला आणि कमरेने एक सणसणीत धक्का दिला. गाडी तसूभर हलली नाही. ओटो मात्र खाली बसला.

बसल्या बसल्याच त्याने विचारलं, "असंच ना?"

मी म्हटलं, "जोर जरा कमी. पण असंच."

तुमच्या सर्वांच्या लोभात आता एका जर्मन म्हाताऱ्यालाही जागा करावी.

तुझा,
थर्मन