मुंगीचं शुद्धिपत्र

११ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? मी ठीक आहे, म्हणजे इथले लोक सांगतात तितपत.

आपल्या घराच्या मागच्या बोळकंडीत बाबा दोरीवर ओले फोटो वाळत घालायचे, ते आठवतं का? मी अकरा वर्षांची, तू आठाची. मी स्टुलावर उभी, तू खाली लाकडी चिमट्यांचा डबा घेऊन. बाबा आतून शीळ घालत एकेक फोटो आणून द्यायचे, तू डाव्या हाताने चिमटा वर करायचीस आणि मी तो लावायचे. एकदा तू तुझ्याच नाकाला चिमटा लावलास आणि नाकातून बोललीस, "ताई, मलाही वाळत घाल." बाबा हसून हसून दाराला टेकले. एवढंच. त्या दिवशी दुसरं काही घडलं नव्हतं. अलीकडे मला तोच दिवस सारखा आठवतो.

पाकिटावरचं अक्षर बघून तू दचकली असशील. ते तुझंच आहे, तुझ्या आठव्या वर्षीचं. गेल्या वर्षी मला झटका आला आणि उजवा हात गेला. म्हणजे आहे, पण मांडीवर ठेवलेल्या दुसऱ्या कोणाच्या पिशवीसारखा आहे. डावा मात्र चालतो. डॉक्टरांना याचं भारी कौतुक. त्यांना वाटतं मी मोठ्या जिद्दीने शिकले. मी चाळीस वर्षं सराव करते आहे, हे त्यांना काय माहीत.

तुलाही ते माहीत नाही. 'मुंगी आणि काळी खोली' आलं तेव्हा मुलांची पत्रं यायला लागली. माझ्या नावाने नाही, मुंगीच्या नावाने. पहिलं उत्तर मी गंमत म्हणून डाव्या हाताने लिहिलं, कारण पुस्तकातली मुंगी डावखुरी होती. शाळेत हस्ताक्षराच्या सिस्टरांनी पट्टीने बोटं लाल केली तरी तुझा 'क' पोटातून फुटलेला यायचा, तसाच काढला. मुलं खूश झाली. प्रकाशक त्याहून खूश. तेव्हापासून रोज सकाळी दोन तास मी मुंगी असते. सतरा पुस्तकं झाली. ती अजून आठ वर्षांचीच आहे.

तुला हाक मारायला घरात हे एकच नाव होतं आणि ते मी साऱ्या जगाला वाटून टाकलं. म्हणून वर 'धाकटे' लिहिलं. रागावू नकोस.

मागच्या महिन्यात जीवनगौरव मिळाला. तू पेपरात वाचलं असेल. मानपत्रात 'निरागस' हा शब्द चार वेळा होता. मी खुर्चीतूनच डाव्या हाताने मानचिन्ह घेतलं, तर लोक उभे राहिले. एक आजी पुढे येऊन म्हणाल्या, "आमच्या तीन पिढ्या मुंगीवर वाढल्या हो." मला वाटलं, यांना सांगावं की मुंगीला एकाच पिढीत घराबाहेर काढलं होतं. पण मी हसले. हसणाऱ्या अर्ध्या तोंडाचा फोटो छान आला आहे.

मुलगा आला वाटतं. ठेवते.

१२ फेब्रुवारी

काल पत्र उशीखाली सारावं लागलं. मुलगा वाईट नाही, उलट फार चांगला आहे, हीच अडचण आहे. मला झटका आल्यापासून तो माझ्याकडेच राहतो. फोन त्याच्याकडे, टपाल त्याच्याकडे, भेटायच्या वेळा त्याच्याकडे. तुला पत्र लिहायला बसले की म्हणतो, "मावशीला कशाला लिहितेस, मी फोन करतो ना." आणि करत नाही. मी मुंगीची उत्तरं लिहीत असले की चहा आणून ठेवतो. दुसरं काही लिहू लागले की दिवा मालवतो आणि म्हणतो, "दमू नकोस गं." चौथ्या मजल्यावरची खोली, खुर्चीला चाकं आहेत पण दाराला उंबरा आहे. खिडकीतून खालच्या लाँड्रीतल्या चादरी दिसतात, चिमटे लावलेल्या.

या खोलीत सध्या तीनशे पुस्तकं आहेत. 'काळी खोली'ची पन्नासावी आवृत्ती, खास प्रती. मी प्रत्येकीवर डाव्या हाताने 'तुमची मुंगी' लिहायचं. शुक्रवारी गाडी न्यायला येणार.

या आवृत्तीसाठी मी एक पान लिहिलं होतं, शेवटी जोडायला. प्रकाशन संस्थेचे धाकटे मालक स्वतः आले. खुर्ची ओढून बसले, पान दोनदा वाचलं, घडी केली.

"बाई, अहो, मुलं रडतील."

"मुलं रडतात आणि पान उलटतात," मी म्हटलं.

"पालक उलटत नाहीत ना पण. आणि आता कार्टून येतंय. त्यात काय ताईला दुष्ट दाखवायचं? ताई म्हणजे तर तुम्ही."

"म्हणूनच."

ते मुलाकडे बघून हसले. त्या हसण्याचा अर्थ मला कळतो. आजारानंतर माणूस असं काहीबाही बोलतो, असा त्याचा अर्थ. घडी केलेलं पान ते घेऊन गेले. "जपून ठेवतो," म्हणाले.

तर त्या पानात होतं ते लिहिते. तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी ते तुझ्यासमोर कधीच म्हटलेलं नाही.

मला शाळेत निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. कागद हातात घेऊन मी धावत घरी आले. बाबा फोटो धुवायचे त्या काळ्या खोलीचं दार तीनदा वाजवायचं आणि आतून 'हं' आला की मगच उघडायचं, हा नियम तुझ्याआधी मला शिकवलेला. मी वाजवलं नाही. बाबांनी शाळेच्या शंभर वर्षांच्या समारंभाचे चारही रोल टेबलावर सोडले होते. दार उघडलं, उजेड आत गेला, चारही रोल वाया गेले, बाबा पाठमोरेच ओरडले. मी पळाले. तू बोळकंडीत चिमट्यांशी खेळत होतीस. तू दार लावायला धावलीस. बाबा वळले तेव्हा तुझा डावा हात कडीवर होता.

त्यांनी विचारलं, "कोणी उघडलं?" मी आईच्या मागे उभी होते, निबंधाचा कागद पाठीशी धरून. तू माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ, ते मी कुठल्याच पुस्तकात लिहू शकले नाही.

शाळेने पुन्हा बाबांना काम दिलं नाही. मग गावानेही नाही. स्टुडिओ बंद झाला, ते कोणाच्या तरी कचेरीत फायली लावू लागले. "ती माझ्या डोळ्यासमोर नको," म्हणाले, आणि आईने तुला मावशीकडे पाठवलं, वर्षभरासाठी. त्या एका वर्षाची नऊ वर्षं झाली. तू परत आलीस ती लग्न ठरल्याचं सांगायला आलीस.

आणि मी काय केलं, तर गोष्ट लिहिली. गोष्टीत मुंगी दार उघडते, मग घाबरत घाबरत कबूल करते, आणि बाबा हसून तिला उचलून घेतात. मी लिहिताना रडले होते, मला वाटलं मी तुला परत घरी आणते आहे. खरं म्हणजे मी तुला दुसऱ्यांदा त्या कडीला हात लावायला लावला. मुलं अजून मुंगीला लिहितात, "घाबरू नकोस, आम्ही तुला माफ केलं." चाळीस वर्षं त्यांचे आभार मानते आहे, तुझ्या हाताने.

तुझं त्यावर एकच कार्ड आलं होतं. "पुस्तक वाचलं. बाबा छान हसलेत." ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. माझ्या लेखनावर इतकं नेमकं कोणी लिहिलेलं नाही.

१३ फेब्रुवारी

तुला आमचे बाइंडरकाका माहीत नाहीत. माझी पहिली पुस्तकं त्यांनी शिवली, आता पंचाहत्तरीचे आहेत. गोष्टींच्या जोडीने मी माहितीची पुस्तकंही लिहिली ना, हाडांचं, वाऱ्याचं, कोळ्यांचं. कोळ्यांच्या पुस्तकात आठ डोळ्यांऐवजी सहा छापले गेले होते. एका मुलीने कळवलं. माझी झोपच उडाली. काका आणि मी गोदामात बसून दोन हजार प्रतींत शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, खळीने, एकेक करून. कोळ्याचे दोन डोळे मी असे परत केले. तुझं मात्र काहीच केलं नाही.

सोमवारी काका बक्षिसाबद्दल अभिनंदन करायला आले. मुलगा कामावर होता, स्वयंपाकाच्या बाई टीव्हीसमोर. मी म्हटलं, "काका, अजून खळ करता का?"

"खळ करतो, कळ काढतो, दोन्ही येतं," म्हणाले. "कुठे डोळे कमी पडले?"

मी चिठ्ठीचा मजकूर दिला. वाचून त्यांनी चष्मा पुसला, काही विचारलं नाही. मंगळवारी ओळखीच्या छापखान्यातून चिठ्ठ्या आणल्या. कालपर्यंत, मी या पत्रासाठी बसायचे तेवढा वेळ सोडून, आम्ही तेच करत होतो. "बाई, पातळ लावा. जाड लावली की पान फुगतं आणि चोर सापडतो." मुलाला सांगितलं, शिवण सैल आहे, काका तपासताहेत. तीनशे झाल्या. चिठ्ठीवर असं आहे:

'शुद्धिपत्र. पान ३१, ओळ ४: "मुंगीने दार उघडलं" याऐवजी "मुंगीच्या ताईने दार उघडलं, मुंगी ते लावायला धावली" असं वाचावं. पान ३४, शेवटची ओळ: "बाबा हसले" याऐवजी "बाबा हसले नाहीत" असं वाचावं. चूक लेखिकेची आहे.'

तुला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "राहू दे, ताई," आणि मी लगेच ऐकलं असतं.

आठवड्याभरात कोणाच्या तरी लक्षात येईल. मग म्हणतील, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. मुलगा रडेल आणि उरलेला दिवाही मालवेल. हे खरं आहे असं सांगू शकेल अशी जगात आता तू एकटीच आहेस. सांग असं मी म्हणत नाही. एकदा तू गप्प राहिलीस ती माझ्यासाठी. आता बोललीस किंवा गप्प राहिलीस, ते तुझ्यासाठी असू दे.

काका बाहेरच्या खोलीत थांबले आहेत, हे पत्र आणि सोबतचं पार्सल तेच टाकतील. पुढचं नीट वाच, माझ्यामागे कोणाला काय द्यायचं ते आहे. मुलाला हे मी वेगळं लिहून ठेवलं आहे, पण तो मोठ्या वस्तूंची वाटणी करेल, बाकीचं विसरेल, म्हणून तुलाही सांगते.

मानचिन्ह काकांना. कांस्याचं आहे, जड आहे, ओल्या पुस्तकांवर दाबायला चांगलं. माहितीच्या पुस्तकांची चित्रं आणि भिंग सार्वजनिक वाचनालयाच्या मुलांच्या खोलीत. पुस्तकांची कपाटं मुलाला. त्याने लहानपणी त्यातल्या पानांवर रंगवलेलं आहे, ते तो शोधत बसेल आणि थोडा शांत होईल.

मुलांच्या पत्रांची अकरा खोकी तुला. ती तुझ्या नावाने आलेली आहेत, मी फक्त उघडली. उत्तरं आता देणार नाही, हे मी ठरवलं आहे. तुला द्यावीशी वाटली तर खऱ्या वयाने दे.

पार्सलमध्ये तीनशे एकावी प्रत आहे. तिच्यात चिठ्ठी नाही, तुला तिची गरज नाही. पान ३१ वर फक्त एक लाकडी चिमटा अडकवला आहे, बाबांच्या डब्यातला. तो मी तू गेलीस त्या दिवशी उचलला होता.

हे अक्षर तुझं होतं, इथवर वापरलं, आता परत करते. सही उजव्या हाताने करते आहे, डाव्याने त्याला धरून. खूप वेळ लागतोय. वाचता आली नाही तरी ती माझी आहे.

ताई