कोळ्याचा कौल

३ मार्च
फुंबानला पोचलो. दुआला शहर सुटलं एकदाचं! दवाखाना छोटा, लोक मोकळे, आणि घर तर विचारू नका. दोन खोल्या, मागे परस, त्यात टोमॅटोचे वाफे आणि केळी. दुआलाच्या मोठ्या इस्पितळातून येतोय हे कळताच मा रमातूने आपणहून घर देऊ केलं. ती परसापलीकडेच राहते. शिकाऱ्याची विधवा, जिभेला हाड नाही. मला बघताच म्हणाली, डॉक्टरच असा लुकडा तर रोग्यांनी कुणाकडे बघायचं? मी म्हटलं, डॉक्टर कसला, मी इद्रिसू, साधा नर्स. तर म्हणे, सुई टोचतोस ना, मग झालं. जेवायला शेंगदाण्याचा रस्सा पाठवला. दोनदा घेतला.

५ मार्च
टोमॅटोवर भलंमोठं गोल जाळं. मधोमध पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा कोळी, डोकं खाली, पाय जोडीजोडीने ताणलेले, खाली पांढऱ्या धाग्याची नागमोडी शिवण. कोटाच्या खिशातलं कोळ्यांचं पुस्तक काढून ताडून पाहिलं: बागेतला साधा कोळी, मादी, निरुपद्रवी. दहा वर्षं हे पुस्तक खिशात आहे, सोबती मला हसतात.

मा रमातूला चित्र दाखवलं. तिने पुस्तक मिटून मुखपृष्ठावरचा कोळीच किती तरी वेळ न्याहाळला. मग म्हणाली, हा लटकणारा नुसता चहाडखोर, खरा जाणता जमिनीत राहतो. केळीखाली त्याच्या बिळावर मडकं पालथं आहे, त्याला हात लावू नकोस.

हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या आजोबांनी बिळातल्या कोळ्याचा कौल घेऊनच दुसरी बायको केली, आणि जन्मभर त्या कोळ्याला शिव्या घातल्या.

११ मार्च
आज ती लेकीबद्दल बोलली. झेनाबू दुआलाला बाळंत व्हायला गेली होती. कुणीतरी भलतंच इंजेक्शन दिलं, आणि इस्पितळाच्या वहीत लिहिलं की आणली तेव्हाच मेलेली होती. मला विचारलं, तू कुठल्या वॉर्डात होतास? मी म्हटलं, डोळ्यांच्या.

खोटं. सुई माझी होती आणि अक्षरही माझंच. म्हणूनच तर बदली मागून घेतली. पण इथे मला ओळखतंय कोण?

१२ मार्च, सकाळ
तिने शेजाऱ्यांसमोर कौल लावला. बिळाच्या तोंडाशी खुणेचं पान, एका अंगाला काठी, दुसऱ्या अंगाला दगड. मोठ्याने विचारलं, झेनाबूला मारणारा या आवारात आहे का? असेल तर कोळी पान काठीकडे सारील, नसेल तर दगडाकडे. वर मडकं झाकलं. उद्या सगळ्यांसमोर उघडणार. जाताना मला म्हणाली, तू तर कोळ्यांचा पंडित, तुझा चेहरा का उतरलाय?

दुपार
ती बाजारात गेली. मडकं उचललं. पान काठीला टेकलेलं! चटकन दगडाकडे सरकवलं. बोटाला चावला मेला. मडकं होतं तसं ठेवलं. कुणी पाहिलं नाही.

थोड्या वेळाने
ओठ बधिर. छातीत ठोके चुकताहेत. कुठल्या जातीचा ते पुस्तकात शोधतोय. त्यात लिहिलंय, चाव्याची खूण — शेजारी शेजारी दोन ठिपके. कोळ्याला दात दोन.

माझ्या बोटावर एकच.

आणि बिळाच्या तोंडाशी जाळं नव्हतं. नुसता पाचोळा. मी पाहिलंच नाही — मी —

ती आली. दारात बसलीय. शांतपणे सांगतेय. कोळी तिच्या नवऱ्यामागोमाग मेला, बीळ तीन वर्षं रिकामं. पान तिनेच काठीला टेकवलं. पानाखाली नवऱ्याच्या बाणाचं टोक, विषात बुडवलेलं. ज्याचं मन साफ तो मडकं उचलत नाही, म्हणते.

तिची धाकटी लेक इस्पितळात झेनाबूच्या उशाशी होती. तिने एवढंच पाहिलं — सुई देणाऱ्याच्या खिशात पुस्तक, पुस्तकावर कोळी —

पाया पडलो. दवाखान्यात ने म्हटलं. नेईन म्हणाली, सावकाश. आधी वही घे. पेन हातात दिलं. ती सांगते तसं लिहितोय —

इद्रिसू. आणला तेव्हाच मे