बोटभर गॅप

२८ डिसेंबर, रविवार
मनवाचं बारसं आटोपून देवळाली प्रवराहून भिंगारला परत. सासूबाईंनी, म्हणजे छबूमामींनी, स्पष्ट सांगितलं, पौष सरल्याबिगर लेक अन् नात धाडायची न्हाई. ठीक. तेवढी उसंत मला. देवश्रीने एकच काम सांगितलंय. गाडीत मागच्या सीटवर बसलं की प्रत्येक खड्ड्यात धाडकन आवाज येतो, कंबर हलते, तेवढं मला न्यायला यायच्या आत बघ, माझे टाके अजून ओढतात. म्हटलं, झालंच समज. मागचे शॉकअप गेलेत, अर्ध्या दिवसाचं काम. उद्याच टाकतो.

३१ डिसेंबर
टाकले नाहीत. घाईत कामं बिघडतात.

आज ऑफिसच्या पार्किंगमध्ये पार्थ (ज्युनिअर, कालपरवा नोकरीला लागलाय) माझ्या गाडीकडे बघून म्हणाला, सर, तुमची गाडी धोतर खोचून ओढ्यात उतरल्यासारखी दिसते. सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. घरी येऊन टायर आणि मडगार्डमध्ये बोटं घालून पाहिली. चार मावतात. पार्थच्या गाडीत एक. इतकी वर्षं ही गॅप मला कधी दिसली नव्हती, आता दुसरं काही दिसत नाही.

३ जानेवारी, शनिवार
अभ्यास केला. लोअरिंग स्प्रिंग म्हणजे आखूड आणि कडक स्प्रिंग. गाडी खाली बसते, वळणावर झुकत नाही. गाडी झुकली नाही की बाळ हलत नाही. म्हणजे हे मी मनवासाठीच करतोय. (हे लिहिल्यावर बरं वाटलं.)

पंचवीस मिलिमीटर खाली घ्यायची. त्यापुढे एक मिलिमीटर नाही. संसारी माणसाने हाव करू नये.

६ जानेवारी
चाळीस. पंचवीसचा फरक लोकांना कळतच नाही म्हणे. मग करायचं कशाला?

देवश्रीचा फोन. गाडीचं काम झालं का. म्हटलं, जरा खोलात गेलोय. ती म्हणाली, तू एवढं मनावर घेतलंस, बरं वाटलं. फोन ठेवल्यावर उगाचच दोन ग्लास पाणी प्यायलो.

१० जानेवारी, शनिवार
अझीमच्या गॅरेजवर. शाळेपासूनचा दोस्त, उत्साह माझ्याहून दांडगा. म्हणाला, अनीशभाई, जुन्याच स्प्रिंगांचे दोन वेढे कापतो, आत्ता बसते खाली. मी तीव्र निषेध केला. कापाकापी अडाण्यांनी करावी. आपण विचारपूर्वक निवडणार.

मग दोघं मोबाईलवर दुपारभर निवडत बसलो. चाळीसवाल्या लाल येतात, पन्नासवाल्या पिवळ्या. अझीम म्हणाला, पांढऱ्या गाडीला पिवळा उठून दिसतो. मी म्हटलं, अरे, स्प्रिंग चाकामागे असते, दिसणार कोणाला? तो म्हणाला, तुला तर माहीत असेल ना. हे मला पटलं. पिवळ्या मागवल्या.

शॉकअप पुढच्या महिन्यात. एका वेळी एकच काम नीट करावं.

१७ जानेवारी, शनिवार
बसल्या! एक बोट. तेही माझं, अझीमचं जात नाही.

कॅम्पातल्या गुळगुळीत रस्त्यावर एकट्याने तीन फेऱ्या मारल्या. गाडी नुसती पळते. धाड आवाज गेला. आता टक येतो. टक हा वेगळा प्रकार आहे, तो रस्त्याचा दोष.

आईला खाली बोलावून दाखवली. म्हणाली, चारही पंक्चर? आईला यातलं कळत नाही.

१९ जानेवारी, सोमवार
पार्थ गाडीभोवती फिरला. मान डोलावली. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. आनंदाने.

२४ जानेवारी, शनिवार
पौष सरला. उद्या दोघींना आणायचं. आईने विचारलं, मागे माणसं बसवून बघितलीस का? म्हटलं, सगळा हिशोब केलाय. हिशोब केला नव्हता. देवश्रीने फोनवर विचारलं, आवाज गेला ना? म्हटलं, लोण्यासारखी चालते.

ती म्हणाली, मग बाळाला मांडीवर घेऊन मागे आरामात बसेन.

२५ जानेवारी, रविवार
जाताना कुठेच घासली नाही. (दोनदा.)

मामींनी डिकीत पाळणा घातला, डिंकाच्या लाडवांचा डबा घातला, बाजरीचं पोतं घातलं. सासऱ्यांनी, सहादेवमामांनी, कारखान्याची सभासदांची साखर आणून टाकली, म्हणाले, नातीची हाय, न्हाई म्हनू नका. नाही कसं म्हणणार? लेक वाटेला लावताना घरातलं द्यायचं ते देणारच. मग मागे देवश्री, मनवा आणि पोहोचवायला म्हणून मामी बसल्या. टायर मडगार्डच्या आत गेला. मामांनी वाकून पाहिलं. म्हणाले, पाव्हणं, गाडी लई दमल्यावानी दिसती. मी म्हटलं, स्पोर्टी आहे.

गल्लीच्या तोंडाशी पहिला स्पीडब्रेकर. खालून असा आवाज आला की पारावरची सगळी माणसं उठून उभी राहिली. मनवा दचकून रडायला लागली. देवश्रीने नुसता श्वास आत घेतला. मामी म्हणाल्या, आमी उतरतो की, त्यात काय हुतंय. उतरल्या. मी गाडी तिरकी करून इंच इंच काढली. मागे उसाचे ट्रॅक्टर खोळंबले, हॉर्न सुरू. आरशात दिसत होतं, देवश्री एका हाताने बाळ धरून आणि दुसऱ्या हाताने पोट धरून रस्त्याच्या कडेने चालत येतेय. पारावरून कोणीतरी विचारलं, काय झालं गं पोरी? ती म्हणाली, काही नाही काका.

दुसऱ्या ब्रेकरला पुन्हा तेच. तिसऱ्याला उतरली ती परत बसली नाही. भांडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. एवढंच म्हणाली, मला आता चढउतार होत नाही रे.

मामांना फोन केला. ते शेजाऱ्याची जीप घेऊन आले. पोती, पाळणा, लाडू, माणसं, सगळं तिकडे गेलं. मी मागे, एकटा. रिकामी गाडी छान चालली. एकदाही घासली नाही.

घरी पोहोचलो तेव्हा आईने भाकरतुकडा ओवाळून टाकलेला होता. मी दाराशी बूट काढत होतो. आत मामी आईला सांगत होत्या, पाव्हण्यांच्या गाडीत ऐन वेळी बिघाड झाला, त्यांचा काय दोष?

बिघाड झाला नव्हता. रंग बघून निवडला होता. खूप लाज वाटली. बूट पुन्हा घालून खाली जाऊन बसलो. गाडीत नाही, जिन्यात.

२७ जानेवारी
जुन्या स्प्रिंगा परत बसवायच्या ठरवलं. अझीमला फोन केला. त्या भंगारात गेल्या. म्हणाला, तूच तर म्हणालास, आता मागे वळून बघायचं नाही.

२८ जानेवारी, बुधवार
आज मनवाची लस. दवाखाना जवळ आहे, वाटेत एकच ब्रेकर, तोही बुटका. रजा टाकली. काल संध्याकाळी शॉकअपही बदलून आणले. सकाळीच अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला, मागच्या सीटवर दोन उशा ठेवून आलो. मग किल्ली हातात घेऊन बेडरूमच्या खिडकीत उभा राहिलो. देवश्री हाक मारेल, मग अगदी सहज म्हणायचं, चला.

हाक आली नाही. खाली रिक्षा येऊन थांबली. देवश्री बाळाला गुंडाळून बाहेर पडली, मागोमाग आई. आई म्हणाली, अगं, अनीश येत नाही का? देवश्रीने वर पाहिलं. खिडकीकडे. सरळ माझ्याकडे. मी किल्ली मुठीत लपवली.

ती आईला म्हणाली, झोपलाय तो, झोपू दे.

रिक्षा गेली. मी पलंगावर जाऊन शर्टासकट आडवा झालो आणि डोळे मिटून घेतले. निदान तिचं बोलणं खोटं पडू नये म्हणून.